उंदरांशेजारी आजचा पेपर

भाद्रपदात आमचा धंदा अकरा दिवस बंद असतो. उंदीर हे गणपतीचं वाहन असल्यामुळे चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यात कुणीही उंदीर मारायला बोलावत नाही. ज्यांचा गणपती दीड दिवसाचा असतो तेही थांबतात, कारण शेजारचा अजून बसलेला असतो. या दिवसांत घरोघर मोदक, खिरापत आणि नारळांचे ढीग असतात. उंदरांना वर्षातली सर्वांत चांगली खानावळ मिळते आणि तिच्यात संपूर्ण अभयही मिळतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला फोन येतो. अंगणातला गुलाल अजून झाडलेला नसतो.

यंदाचे हे अकरा दिवस मी या लेखात घालतो आहे.

पेस्ट कंट्रोलमध्ये येण्याआधी मी एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर होतो. दैनिक बंद पडलं आणि मी उंदरांकडे वळलो. लोक अजूनही ‘पत्रकार’ अशीच हाक मारतात. ‘पत्रकार, माळ्यावर खुडबुड आहे, या जरा.’ वार्ताहरकीतून दोन सवयी सोबत आल्या. एक, प्रत्येक कामाची नोंद ठेवण्याची: कुठे, कधी, कुणी सांगितलं. दुसरी, खोटं वाक्य न बोलण्याची. दुसरी सवय दिसते तितकी निरुपद्रवी नाही.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. पूर्वी काळी पूड होती. पिठाच्या गोळीत घालून ठेवायची. उंदीर खाई आणि तिथेच आडवा होई. बाकीचे उंदीर ते बघत आणि त्या गोळीला पुन्हा तोंड लावत नसत. आताच्या वड्या निळ्या, मेणासारख्या, धान्याच्या वासाच्या असतात. खाल्ल्यावर उंदराला काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी तो परत येतो, तिसऱ्या दिवशी नातेवाइकांना घेऊन येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचं रक्त गोठायचं थांबतं, आतल्या आत रक्त वाहतं आणि तो मरतो. मधल्या काळात तो मंदावतो, भिंतीला धरून चालतो, भर उजेडात हिंडतो. तोवर त्याच्या अंगात बऱ्याच वड्यांचं विष साठलेलं असतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला, सर्वांत लहान अक्षरांत एक सूचना असते: मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल खड्ड्यात गाडावेत.

ती सूचना वाचणारे आमच्या धंद्यात थोडे आहेत. वाचूनही न पाळणारे त्याहून थोडे. मी त्यांच्यातला.

न पाळण्याचं कारण ग्राहक. ग्राहकाला मेलेला उंदीर बघायचा असतो. वडी खाल्लेला उंदीर बहुधा बिळात मरतो, म्हणजे काम जितकं चांगलं तितकं दाखवायला कमी. म्हणून जे उघड्यावर सापडतात ते ओळीत मांडून फोटो काढण्याची पद्धत पडली. काहींनी एकाच घरचे उंदीर तीन घरी दाखवले. मग ग्राहक शहाणे झाले आणि उंदरांशेजारी आजचा पेपर मागू लागले. पहिल्या पानावरची तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. वार्ताहर असताना पहिल्या पानावर माझी बातमी कधी लागली नाही. उंदीर मात्र त्या पानावर मी पुष्कळ लावले.

मोजणीचा आग्रह फक्त घरांतच असतो असं नाही. तळ्याकडच्या एका कार्यालयात दप्तराच्या खोलीत काम केलं. शेवटी भरायच्या तक्त्यात मृत उंदरांसाठी रकाना होता. कपाटामागे उंदरांबरोबर एक धामणही मेलेली निघाली. उंदीर खाऊन मेली हे उघड होतं.

“ही कुठे लिहू?” मी विचारलं.

कारकुनाने तक्ता खालपासून वरपर्यंत बघितला. “धामणीला रकाना नाही.”

“मग?”

“मग ती मेलेली नाही.”

ती त्या कार्यालयाच्या मागे गाडली आणि कागदावर ती अजून जिवंत आहे. त्या वेळी मला याची गंमत वाटली होती. हा प्रसंग मी बऱ्याच ठिकाणी रंगवून सांगितला आहे.

उलट टोकाचे गिऱ्हाईक म्हणजे माणगावचे शांतिभाई. तांदळाचं गोदाम, उंदीर अमाप, आणि मारायचा एकही नाही.

“आपल्यात जीव मारत नाय, पत्रकार. तुमी फक्त त्येंची बदली करा.”

“कुठे करू?”

“ते तुमी बघा. जिथे जाशे तिथे सुखी रेहवा जोईए.”

म्हणून तिथे वडी नाही, पूड नाही, नुसते पिंजरे. पकडलेले उंदीर मी टेम्पोतून डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडत असे. त्यांपैकी किती परत येत ते सांगता येणार नाही, पण फाटक्या कानाचा एक उंदीर मी दोनदा पकडला आहे. या कामाला मी मनातल्या मनात धंद्याचा अपमान समजत होतो.

आता गेल्या वर्षीचं चौलचं काम.

चौलला एक बाई आहेत. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी घेत नाही. सगळ्यांच्या त्या बाईच. नारळ-सुपारीची वाडी, मागे विहीर, विहिरीला लागून पंपाची खोली. घराच्या पुढच्या चार खोल्यांमध्ये त्यांचा मुलगा मंदार होमस्टे चालवतो. तो ठाण्याला राहतो आणि होमस्टे फोनवरून चालवतो. फाटकावर ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी पाटी आहे. निसर्गापैकी एक उंदीर न्याहारीच्या टेबलाखाली आला. पाहुण्याने इंटरनेटवर एक तारा देऊन तसं लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीच्या खोल्या भरायच्या होत्या. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सातचा फोन मंदारचा होता.

मी आणि हिराजी गेलो. हिराजी माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहे. पेणकडच्या मिठागरात अर्धं आयुष्य गेलेला, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बाईंनी आम्हाला घरात न नेता आधी पंपाच्या खोलीत नेलं. माळ्यावर गोणपाटांमागे तीन पांढरे, बदामाच्या आकाराचे चेहरे होते. गव्हाणी घुबडाची पिल्लं. आम्हाला बघून ती फुसफुसायला लागली.

“सापावानी करतात,” हिराजी म्हणाला.

“भूक लागली की तसंच करतात,” बाई म्हणाल्या. “दिवेलागणीला आईबाप बाहेर पडतात. परवा पडवीत बसून मी अंधार होईपर्यंत फेऱ्या मोजल्या. सहा. दर फेरीला उंदीर. तुमचं दोघांचं जमेल एवढं?”

“रोज संध्याकाळी यायला आम्हाला परवडनार न्हाय, बाई.”

“मग विष घालू नका. यांना त्यांचं काम करू दे.”

मंदार फोनवर होता आणि फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. “काका, आईचं ऐकू नका.”

“मंदार, मी इथेच उभी आहे.”

“माहितेय. म्हणूनच सांगतोय त्यांना. आई, एका घुबडासाठी मी सगळं बुकिंग घालवू का?”

“पाच आहेत.”

बाई माझ्याकडे वळल्या. “पत्रकार, तुम्ही सरळ सांगा. यांना काही होईल का?”

मी म्हणालो, “वड्या बंद पेटीत असतात. पेटीचं भोक उंदराच्या मापाचं असतं. आणि घुबड वडी खात नाही.”

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. बातमीदारीत अशा वाक्यांना मोठा मान असतो. त्यांच्यावर नोटीस येत नाही. बाईंनी तिन्ही वाक्यं ऐकली, थोडा वेळ पिल्लांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बरं.” आम्ही वाडीत नऊ पेट्या लावल्या. त्याच दिवशी चौलमध्ये माझी आणखी अकरा कामं होती. दुसऱ्या दोघा धंदेवाल्यांची वेगळी, आणि दुकानातून वड्या आणून स्वतः ठेवणाऱ्यांची गणती नाही. अकरा दिवस कुणी मारायचं नाही, मग बाराव्या दिवशी सगळ्यांनी एकदम मारायचं, असा इथला रिवाज आहे. तो कुणी ठरवलेला नाही आणि कुणी मोडत नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी गेलो तेव्हा वाडीत तेरा उंदीर सापडले. मंदारला फोटो हवा होता आणि फोटोला आजचा पेपर. बाईंकडचा पेपर पाहुण्यांच्या मुलांनी होड्या करून विहिरीत सोडला होता. शेजारी विचारलं, तिथे त्यात बोंबील गुंडाळून झाले होते. चौलला पेपर सकाळी नऊला येतो.

“गाडून टाकू या,” हिराजी म्हणाला. “पाकिटावर लिवलंय म्हनून तुम्हीच सांगता ना सगल्यांना.”

“सकाळी फोटो झाला की गाडू.”

“रातभर हितंच ठेवायचे?”

“कोण नेतंय?”

विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर हिराजीने तेरा उंदीर ओळीत मांडले, मोठ्यापासून लहानापर्यंत, म्हणजे सकाळी खोळंबा नको. पंपाची खोली त्या दगडापासून वीस पावलांवर आहे. ती मला त्या वेळीही दिसत होती.

सकाळी नऊला पेपर घेऊन आलो तेव्हा दगडावर सहा उंदीर होते.

“मांजरानं नेले,” हिराजी म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

बाईंकडे मांजर नव्हतं. मी सहा उंदरांशेजारी पेपर ठेवला, तारीख दिसेल असा फोटो काढला आणि मंदारला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: ‘फक्त सहा?’

सात कुठे गेले हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलेलं मी कुणाला सांगितलं नाही. उरलेले सहा गाडले आणि पुढच्या कामाला गेलो. हे नोंदवहीत आहे: सापडले तेरा, गाडले सहा. मधल्या सातांना रकाना नव्हता.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. “पत्रकार, या,” एवढंच बोलल्या.

नर पंपाच्या खोलीत जमिनीवर पडलेला होता, नाकपुडीशी रक्त. मादी सुपारीखाली बसलेली होती, डोळे अर्धे मिटलेले, माणूस जवळ गेला तरी उडत नव्हती. माळ्यावर एक पिल्लू मेलेलं, दोन गप्प. बाई दारात उभ्या होत्या.

“तुम्ही म्हणाला होतात काही होणार नाही.”

“घुबड वडी खात नाही, असं म्हणालो होतो.”

“ते वाक्य मला पाठ आहे,” बाई म्हणाल्या. “पस्तीस वर्षं पोरांचे पेपर तपासले मी. प्रश्नाचं उत्तर न देता बरोबर लिहिणारी पोरं मी ओळखते. तुम्हाला मात्र त्या दिवशी पूर्ण मार्क दिले.”

या विषाला उतारा आहे, जीवनसत्त्व के. तो वेळेवर द्यावा लागतो. मादी आणि दोन पिल्लं खोक्यात घालून अलिबागला जनावरांच्या डॉक्टरांकडे निघालो. मादी वाटेतच, नागावच्या आसपास गेली. डॉक्टरांनी दोन्ही पिल्लांना इंजेक्शन दिलं. त्यातलं लहान दुपारपर्यंत टिकलं नाही. मोठं संध्याकाळी फुसफुसलं. हिराजीला ते ऐकून एवढा आनंद झाला की त्याने त्याला शिवी दिली.

वनखात्याला कळवलं होतं. त्यांचा माणूस आला, त्याने पंचनामा केला आणि मृत्यूचं कारण विचारलं. आजार, विजेची तार, अज्ञात: सुचवण्यासारखी कारणं मला भरपूर माहीत होती. वार्ताहर असताना पक्षी मेल्याच्या बातम्यांत मीच ‘अज्ञात कारणाने’ लिहीत असे, कारण कारण विचारायला कुणाकडे जायचं ते माहीत नव्हतं. या वेळी विचारायला माणूस जवळच होता. मी लिहून दिलं: वडी खाऊन मेलेले उंदीर मी उघड्यावर ठेवले, ते यांनी नेले. खाली सही केली.

डॉक्टर आणि तो माणूस दोघांचंही म्हणणं पडलं की पिल्लू त्याच्याच माळ्यावर ठेवावं, माणसाचा हात कमीत कमी लागावा, बाईंनी लक्ष द्यावं. खायला रोज दोन-तीन उंदीर द्यावेत. उंदीर स्वच्छ हवेत, वडीपासून लांबचे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चौलमध्ये स्वच्छ उंदीर नाही. माझ्या नोंदवहीतली घरं मीच भरून ठेवली होती, उरलेली इतरांनी. एवढी वर्षं उंदीर नाहीसे करण्यात घालवलेला माणूस दोन दिवस एका धडधाकट उंदरासाठी रेवदंड्यापासून नांदगावपर्यंत फिरला. लोकांना वाटलं, धंदा बसला.

“न्हाय मिळायचा हितं,” हिराजी म्हणाला. “तुमच्या शेटकडं चला. तिथं कोन मारत न्हाय.”

माणगाव. शांतिभाईंच्या गोदामात त्या दिवशी पिंजऱ्यांमध्ये नऊ उंदीर होते, टवटवीत, तांदळावर वाढलेले. मी नऊही मागितले आणि दर तीन दिवसांनी येईन असं सांगितलं. शांतिभाईंना आनंद झाला, मग शंका आली.

“रोज नवा जंगल शोधता. या वेळी कुठे नेणार?”

“चौलला.”

“त्यां सुखी राहशे ने?”

माझ्याकडे पुन्हा एक खरं आणि सोयीचं वाक्य तयार होतं. ‘तिथे त्यांची उत्तम सोय केली आहे’, असं काहीतरी. ते मी बोललो नाही. घुबडाचं पिल्लू आहे, आईबाप माझ्या विषाने मेले, हे उंदीर त्याला घालायचे आहेत, असं सांगितलं.

शांतिभाईंनी तांदळाच्या पोत्यांकडे बघितलं. “घुबड. लक्ष्मीचं वाहन,” ते म्हणाले. “पत्रकार, मी आता देवळात जातो. अर्ध्या तासाने येतो. तेवढ्यात पिंजरे कोणी उचलले, ते मला नाय माहीत.” जाता जाता दारातून वळून म्हणाले, “पिंजरे परत आणून ठेवजो.”

पिल्लू मोठं होत होतं आणि लवकरच स्वतः उडणार होतं. मग ते बाईंच्या वाडीपुरतं राहणार नव्हतं. म्हणून मी चौलमधल्या माझ्या अकरा कामांच्या पेट्या परत काढायला गेलो. विष ठेवायला गेलो तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. काढायला गेल्यावर सगळ्यांनी विचारलं. बाईंच्या शेजारच्या वाडीतल्या दत्ताभाऊंनी तर वाटच अडवली.

“ठेवलंत तुम्ही, काढताय तुम्ही. मग उंदरांचं काय?”

“माडांना पत्रे मारू, उंदीर वर चढणार नाही. घरात पिंजरे लावू.”

“आणि पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मारायचा कुणी?”

“तुम्ही.”

“मी?” दत्ताभाऊ दोन पावलं मागे सरले. “छे. आमच्याकडे गणपती बसतो.”

अकरापैकी सात घरांच्या पेट्या निघाल्या, दत्ताभाऊंची धरून. पिंजऱ्यातले उंदीर हिराजी घेऊन जाईल, या अटीवर. उरलेल्या चौघांनी दुसरा धंदेवाला लावला.

मंदारला सगळं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी होमस्टेच्या जाहिरातीत पिल्लाचा फोटो आला आणि पाठोपाठ मला फोन आला. “काका, ते संध्याकाळी बरोबर सहाला उडेल असं करता येईल का? पाहुण्यांचा चहा तेव्हा असतो.”

ते लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी उडालं, पावणेसातला. चहा संपला होता. पंपाच्या खोलीतून बाहेर पडलं, विहिरीवरून एक वळण घेतलं आणि सुपाऱ्यांच्या वर दिसेनासं झालं. बाई पडवीत बसूनच होत्या.

“गणपतीच्या वाहनाला अकरा दिवस अभय,” त्या म्हणाल्या. “लक्ष्मीच्या वाहनाला एक दिवसाचं तरी असावं.” बाई हे उपहासाने म्हणाल्या की प्रार्थनेसारखं, हे नोंदवता आलं नाही.

घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि नंतर केस व हाडं एका गोळीत गुंडाळून तोंडातून टाकतं. उडाल्यानंतरची पहिली गोळी आठव्या दिवशी पंपाच्या खोलीत सापडली, त्या आठवड्यात आम्ही खायला काही ठेवलं नव्हतं. आत उंदराची लहानशी कवटी होती. त्याने स्वतः पकडलेला उंदीर. हिराजीने ती तळहातावर घेतली आणि मला दाखवली, आणि लगेच आम्हा दोघांचं तोंड उतरलं. उंदीर कुणाच्या वाडीतला, हे कवटीवरून कळत नाही.

बाईंना ते सांगावं लागलं नाही. त्यांनी एक पद्धत सुरू केली. गोळी सापडली की नऊला आलेल्या पेपरवर ठेवायची, पहिल्या पानाची तारीख दिसेल अशी, आणि फोटो काढून मला पाठवायचा. सोबत मजकूर काही नसतो. ज्या दिवशी गोळी नसते त्या दिवशी फोटो नसतो, आणि त्या दिवशी मी कामात चुका करतो. सलग चार दिवस फोटो आला नाही असं वर्षभरात एकदा झालं. पाचव्या दिवशी मी चौलला गेलो. बाई पुण्याला भाचीकडे गेल्या होत्या.

यंदा माझ्याकडे वड्या नाहीत. गाडीत पिंजरे आणि माडाचे पत्रे आहेत. गिऱ्हाइकं निम्मी राहिली, आणि उरलेल्यांना मी धंद्यातला बुवा झालो असं वाटतं. दोघा धंदेवाल्यांची विसर्जनानंतरच्या दिवसाची कामं आत्ताच भरली आहेत, असं हिराजी सांगतो. दुकानात वड्यांचे खोके दर्शनी फळीवर मांडले आहेत, गणपतीच्या सामानाशेजारी. मी बाईंच्या वाडीभोवतीच्या एकवीस घरी जाऊन आलो. सहा जणांनी वड्या ठेवणार नाही असं सांगितलं. पाच जणांनी चहा दिला. बाकीच्यांनी गणपती होऊ दे, मग बघू, असं म्हटलं.

हे लिहीत असताना सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी बाईंचा फोटो आला. राखाडी गोळी, शेजारी पेपर. मी फोटो मोठा करून तारीख बघितली. पेपर आजचाच आहे.

उद्या विसर्जन आहे.